एका ‘म्हणून’बद्दल

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझी वही पाहिली. गणितं जवळपास सगळी बरोबर आहेत. पण एका उत्तराखाली तू लिहिलंयस, ‘समतोल स्थिरांक खूप मोठा, म्हणून अभिक्रिया झपाट्यानं होते.’ हे पत्र त्या एका ‘म्हणून’साठी.

हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून दोन मोल पाणी होण्याचा स्थिरांक २५ अंश सेल्सिअसला सुमारे १०⁸³ आहे. तरी हे दोन वायू एकत्र कोंडून ठेवले आणि ठिणगी पडू दिली नाही, तर वर्षानुवर्षं पाण्याचा थेंब दिसणार नाही. अभिक्रिया कुठवर जाऊन समतोलाला, म्हणजे जाणारा आणि परतणारा वेग सारखा होतो तिथे, पोहोचेल ते हा समतोल स्थिरांक, म्हणजे K, सांगतो. किती वेळात जाईल, ते वाटेतल्या घाटावर ठरतं. त्या घाटाची उंची म्हणजे सक्रियण ऊर्जा. ‘दर १० अंशांना वेग दुप्पट’ हे तू पाठ केलंयस, तेही याच उंचीवर अवलंबून आहे. ती ५० किलोज्यूल प्रति मोलच्या आसपास असेल, तर २५ वरून ३५ अंशांवर जाताना वेग साधारण दुप्पट होतो; १०० असेल तर पावणेचार पटींच्या जवळ. वेग आणि तापमान यांना जोडणाऱ्या अऱ्हेनियसच्या सूत्रात आकडे घालून स्वतः काढून बघ, मग ते कधीच विसरणार नाहीस.

आता एक प्रयोग. शिक्षकांना दाखवायला सांग, एकट्यानं मुळीच करू नकोस, कारण हा वायू विषारी आहे. बंद सिरिंजमध्ये तपकिरी नायट्रोजन डायऑक्साइड असतो आणि त्याच्या जोड्या जुळून झालेला रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडही. दट्ट्या झटकन दाबला की रंग आधी गडद होतो, कारण तेवढेच रेणू कमी जागेत आले. लगेच तो थोडा फिकट होतो, कारण काही रेणूंनी जोड्या जमवल्या. पण नीट बघ, मूळच्या रंगापेक्षा तो अजूनही गडदच असतो. नव्या समतोलाकडे सरकताना दाबानं घडलेला बदल पुसला जात नाही, फक्त सौम्य होतो. आणि या सगळ्यात तापमान तेच राहिलं, तर K तसूभरही हलत नाही. मला रसायनशास्त्रातलं हे दृश्य फार आवडतं.

तेच वायू बंद नळीत घेऊन ती गरम पाण्यात ठेवली की तपकिरी रंग चढतो, बर्फात ठेवली की उतरतो. इथे मात्र K खरोखर बदलला. तापवल्यावर जाणारा आणि परतणारा, दोन्ही वेग वाढतात, पण सारखे नाही. ज्या बाजूचा घाट उंच, तिचा वेग जास्त पटींनी वाढतो. जोडी जुळताना उष्णता बाहेर पडते, म्हणजे ती मोडण्याचा घाट उंच. म्हणून तापवलं की जोड्या मोडण्याकडे तोल झुकतो. K म्हणजे दोन्ही बाजूंच्या वेगस्थिरांकांचं (दिलेल्या तापमानाला वेग ठरवणाऱ्या आकड्यांचं) गुणोत्तर, हे धरून ठेवलंस तर ‘समतोल बदलाला विरोध करणाऱ्या दिशेनं सरकतो’ हा ला शातेलिएचा नियम घोकावा लागणार नाही.

अमोनिया होतानाही उष्णता बाहेर पडते, त्यामुळे त्याच्या कारखान्यात हीच ओढाताण असते. थंडीत K उत्तम, पण वेग नाही. उष्णतेत वेग आहे, पण K घसरतो. म्हणून ४०० ते ५०० अंश, जबर दाब आणि लोखंडाचा उत्प्रेरक. उत्प्रेरक दोन्ही बाजूंचा घाट सारखाच उतरवतो. अमोनिया शेवटी किती होणार, ते तो बदलत नाही.

ते उत्तर पुन्हा लिहून पाठव. या वेळी K आणि वेग यांच्यामध्ये ‘म्हणून’ नको.

तुझा,
सर