पाचवीतली मुलगी अपूर्णांकात आकडेच खोडते, संक्षिप्त रूप कसं शिकवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पाचवीत आहे, पाढे चांगले पाठ आहेत, पण १२/२४ चं संक्षिप्त रूप, म्हणजे किंमत तीच ठेवून लहानात लहान आकड्यांत लिहायला सांगितलं की वरचा २ आणि खालचा २ खोडते आणि १/४ लिहून मोकळी होते, चुकलं म्हटलं की रडकुंडीला येते. मी घरी प्राथमिकच्या मुलांची शिकवणी घेते आणि हे अगदी नेहमीचं आहे, त्यामुळे तिला गणित जमत नाही असं प्लीज मनात आणू नका. तिने फळ्यावर काटाकाट बघितलीय, त्यामागे भागाकार चाललाय हे तिच्यापर्यंत पोचलेलं नाही, एवढंच.

माझं म्हणणं असं की थोडे दिवस काटणं पूर्ण बंद ठेवा आणि उलट्या बाजूने सुरू करा, म्हणजे आधी अपूर्णांक मोठ्या आकड्यांत न्यायचा आणि मग परत आणायचा.

वहीच्या पानाची एक लांब पट्टी कापा. गोल पोळी वगैरे नको, मुलांना गोलाचे सारखे भाग पाडता येत नाहीत आणि सगळा वेळ त्यातच जातो. पट्टी दोनदा दुमडून चार सारखे भाग करायला सांगा, तीन रंगवायचे, खाली ३/४ लिहायचं. आता तीच पट्टी लांबीच्या दिशेने घडी येईल अशी मधोमध दुमडायची आणि उघडायची, आठ चौकोन दिसतात आणि त्यातले सहा रंगलेले. विचारा, "रंग वाढला का गं?" नाही म्हणेल. "मग आकडे का बदलले?" इथे तुम्ही उत्तर देऊ नका, कितीही वेळ लागला तरी तिला बोलू द्या, कारण बहुतेक मुलं स्वतःच सांगतात की तुकडे बारीक झाले म्हणून जास्त झाले. तशाच रंगवलेल्या दुसऱ्या पट्टीवर लांबीच्या दिशेने घड्या घालून तीन भाग केले की ९/१२ येतात. मग ३/४, ६/८, ९/१२ एकाखाली एक लिहा आणि आता उलटं विचारा, ९/१२ वरून ३/४ वर परत कसं जायचं? तीन-तीन बारीक तुकड्यांचा एक मोठा तुकडा करायचा, रंगवलेल्यांचाही आणि एकूण तुकड्यांचाही, म्हणजे अंशाला ३ ने भाग आणि छेदालाही ३ नेच भाग. हे हाताने केलं की "वरखाली एकाच संख्येने भागायचं" हा नियम तिला पाठ करावा लागत नाही. आणि आकडे लहान झाले म्हणून अपूर्णांक लहान झाला, २/३ पेक्षा ८/१२ मोठा, असं बऱ्याच मुलांना वाटतं तेही इथेच सुटतं.

मग तिच्या १२/२४ कडे या. १२ मधला २ म्हणजे दोन, २४ मधला २ म्हणजे वीस, ते एकमेकांना खोडणार कसे? शिवाय १२ हे २४ चं सरळ निम्मं आहे आणि उत्तर पाव आलंय, हे तिला स्वतःला दिसलं पाहिजे, म्हणून प्रत्येक गणिताआधी "अर्ध्याच्या वर की खाली?" एवढं विचारायची सवय लावाच. यात एक धोका आहे, १६/६४ मध्ये दोन्ही ६ खोडले तरी १/४ हे बरोबर उत्तर येतं, १९/९५ मध्ये ९ खोडले तरी १/५ बरोबर येतं, हा निव्वळ योगायोग आहे पण वहीत बरोबरची खूण मिळते आणि चुकीची रीत पक्की होते. म्हणून नुसतं उत्तर बघू नका, कितीने भागलं ते शेजारी लिहायला लावा.

घरातली उदाहरणं भरपूर घ्या, आपल्याकडे पाव-अर्धा-पाऊण मुलांच्या कानावर असतंच. २५० ग्रॅम म्हणजे किलोचा कितवा भाग, २५०/१००० लिही, आता आकडे लहान करत करत १/४ पर्यंत ये, आणि तो पाव किलोच निघाला की चेहरा बघा तिचा. तसंच ४५/६० तास म्हणजे पाऊण तास.

मसाविची, म्हणजे दोघांना भाग जाणाऱ्या सगळ्यात मोठ्या संख्येची, घाई अजिबात नको. ३६/४८ ला आधी २ ने, परत २ ने, मग ३ ने असं पायऱ्यापायऱ्यांनी ३/४ आणलं तरी ते शंभर टक्के बरोबर आहे, एका फटक्यात १२ ने भागणं नंतर आपोआप येतं. मुलं अडकतात ती थांबायचं कधी यात. ९/१२ ला एक विषम आला म्हणून सोडून देतात, १३/३९ ला १३ मूळ संख्या आहे म्हणून सोडून देतात. तेव्हा प्रश्न एकच ठेवा, दोघंही एकाच पाढ्यात कुठे येतात का? १ सोडून कुठेच नाही, तरच थांबायचं.

पाढ्यात पटकन सापडत नसेल तर वजाबाकी करून बघायची. अंश आणि छेद दोघांना ज्या संख्येने भाग जातो तिने त्यांच्यातल्या फरकालाही भाग जातोच. ५१/६८ घ्या, फरक १७, मग शोधायचं ते १७ च्या विभाजकांतच, १७ ने दोघांना भाग जातो, उत्तर ३/४. ९१/११९ मध्ये फरक २८, म्हणजे २, ४, ७, १४, २८ एवढेच तपासायचे, दोन्ही संख्या विषम म्हणून राहतो फक्त ७, उत्तर १३/१७. आणि १४/१५ सारखा फरक १ आला तर काही करायचंच नाही. मात्र फरकाने भागलंच पाहिजे असं नाही, फरकाच्या विभाजकांत शोधायचं, हे दोन-तीनदा सांगावं लागेल. मुलांना ही युक्ती प्रचंड आवडते, पण पट्टीचं काम पक्कं झाल्याशिवाय दाखवू नका. आधी तिला २४/३६ आणि १३/३९ देऊन बघा आणि नक्की कुठे अडते ते कळवा, त्यावरून पुढची गणितं सुचवते.