जीपीएस असताना छोट्या विमानाचा पायलट वाट कशी चुकतो? थकव्याचा त्यात किती हात असतो?

तुमचा मुलगा फ्लाइंग ट्रेनिंगला निघालाय, थकलेला पायलट वाट चुकतो असं तुमच्या वाचनात आलं, आणि जीपीएसच्या काळात हे कसं होतं असं तुम्ही विचारलंय. मी सोलापूरचा. शिकत असताना चक्क सोलापूरला येतानाच वाट चुकलो होतो, आणि आता विद्यार्थ्यांना शिकवतो. म्हणून सविस्तर लिहितो.

थकवा म्हटलं की आपल्याला डुलकी आठवते. पण डोळा लागण्याच्या खूप आधी डोकं एक काम सोडून देतं, ते म्हणजे स्वतःच्या अंदाजावर शंका घेणं. वाट चुकते ती तिथेच.

जानेवारी महिना होता. गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, घरी आलो होतो. अक्षता सोहळ्याच्या दिवशी बाराबंदी घालून दिवसभर नंदीध्वजांबरोबर चाललो, रात्री उशिरा जेवलो आणि तसाच प्रवास करून ट्रेनिंगच्या गावी पोचलो. जेमतेम तीन तास झोप झाली. सकाळी सोलो क्रॉस-कंट्री होती, म्हणजे एकट्याने दुसऱ्या गावी उडत जायचं, पश्चिमेकडून सोलापूर आणि परत. कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास उड्डाण लागतं, आणि त्यात एकट्याने केलेला किमान ३०० सागरी मैलांचा एक लांबचा प्रवासही असतो. आमची ही त्याचीच तयारी. ‘आज नको’ म्हणावं असं मनातसुद्धा आलं नाही. उलट, आपल्या गावी विमान घेऊन जायचं म्हणून अंगात उत्साह होता.

जुनं सेसना १७२, नकाशा दाखवणारा जीपीएस त्यात नव्हता. मांडीवर नकाशा, मनगटावर घड्याळ. सकाळचं धुरकट, खाली उसाचे फड, गाळप हंगाम ऐन भरात. दर थोड्या अंतरावर एक कारखाना, आणि प्रत्येक चिमणीतून सारखाच धूर.

भीमा ओलांडली. यानंतरची नदी सीना, आणि सीना गेली की सोलापूर, हे मला तोंडपाठ. सीना अडतिसाव्या मिनिटाला यायला हवी होती. एकोणतिसाव्या मिनिटालाच खाली नदी दिसली. मी काय केलं असेल? ‘वारा मागून असणार’ असं म्हणून नकाशावर सीनेपुढे खूण केली. आमचा वेग १०५ नॉट, म्हणजे ताशी १०५ सागरी मैल धरलेला. नऊ मिनिटं लवकर पोचायचं तर मागून ३० नॉटच्या वर वारा हवा. त्या सकाळी धूर चिमणीतून सरळ वर चालला होता, पान हलत नव्हतं. तो धूर मी पाहत होतो, तरी वारा मागून आहे असं मानत होतो. थकलेलं डोकं असं काम करतं.

ती नदी भीमाच होती. पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते म्हणून जिला आपण चंद्रभागा म्हणतो, ती पुढेही वळणं घेतच जाते, आणि मी तिला दुसऱ्यांदा ओलांडलं होतं. कारण मी दक्षिणेकडे सरकलो होतो. विमानातला डायरेक्शन इंडिकेटर, म्हणजे दिशा दाखवणारी तबकडी, जायरोस्कोपवर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चाकावर चालतो. तो अवकाशात आपली दिशा धरून ठेवतो, पण खाली पृथ्वी फिरत असते. सोलापूरच्या अक्षांशावर एवढ्यानेच तासाला साडेचार अंशांच्या आसपास फरक पडतो, आणि यंत्रातल्या घर्षणाचा फरक वेगळा. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी विमान सरळ ठेवून तो होकायंत्राशी जुळवायचा असतो. उड्डाणानंतर मी तो एकदाही जुळवला नव्हता. विसरलो असं म्हणणंही बरोबर नाही, जुळवलाय अशी माझी पक्की समजूत होती! आमच्यात एक सोपा हिशोब आहे: एक अंशाची चूक ६० मैलांवर एक मैल होते. आठ अंश चुकलात तर ६० मैलांवर आठ सागरी मैल, म्हणजे जवळपास १५ किलोमीटर. धुरकट हवेत तेवढ्या अंतरावरून अख्खं सोलापूर शहर दिसत नाही.

मग समोर चिमणी दिसली. विमानतळाजवळची सिद्धेश्वर कारखान्याची ती उंच चिमणी तुम्हाला आठवत असेल. विमानसेवेला अडथळा म्हणून १५ जून २०२३ ला पाडली तीच. लहानपणापासून ती दिसली की घर आलं, एवढंच ठाऊक. समोरची चिमणी दुसऱ्याच कारखान्याची होती. शेजारी एक तळं होतं, ते मला सिद्धेश्वर तलाव वाटलं. तलावात देऊळ नव्हतं. ‘धुक्यामुळे दिसत नसेल’ म्हणून तेही सोडून दिलं. उतरायची तयारी करत खाली आलो, तर धावपट्टीच्या जागी ऊस.

त्या क्षणी पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. सुदैवाने एक गोष्ट बरोबर केली. उंची घेतली आणि रेडिओवर सांगितलं, ‘मी कुठे आहे ते मला कळत नाही.’ त्याच फ्रिक्वेन्सीवर दुसऱ्या विमानात एक इन्स्ट्रक्टर होते. त्यांनी शांतपणे विचारलं, होकायंत्र काय दाखवतंय, पेट्रोल किती आहे, नदी कितव्या मिनिटाला आली. मग म्हणाले, उत्तरेला वळ, मोहोळ-सोलापूर रेल्वे आणि हायवे जोडीने लागतील, ते लागले की उजवीकडे. तसंच झालं. उतरल्यावर फोनवर त्यांनी एकच विचारलं, ‘काल किती झोपलास?’

शिकवताना आम्ही सांगतो, क्रम घड्याळ, नकाशा, जमीन असा ठेवायचा. घड्याळ बघा, या मिनिटाला काय दिसायला हवं ते नकाशात बघा, मग खाली बघा. थकलेला माणूस नेमका उलटा जातो. आधी खाली काहीतरी बघतो आणि मग नकाशात त्याला जागा शोधतो. जागा सापडतेच. नद्या, तळी, चिमण्या आपल्या जिल्ह्यात काही कमी नाहीत.

आता जीपीएस. तो सहसा चुकत नाही, त्यात आकडे आणि अक्षरं भरणारा चुकतो. विमानतळांचे चार अक्षरी कोड असतात. सोलापूरचा व्हीएएसएल, शिर्डीचा व्हीएएसडी. शेवटचं एकच अक्षर वेगळं. ताजा माणूस भरल्यावर अंतर आणि दिशा पटते का ते बघतो, थकलेला बघत नाही. १९८९ साली ब्राझीलमध्ये व्हारिग २५४ या विमानाच्या आराखड्यात दिशा ०२७० अशी छापली होती, तिचा अर्थ ०२७.०, म्हणजे २७ अंश. कॅप्टनने २७० भरली. उत्तरेकडे जाण्याऐवजी विमान पश्चिमेला गेलं, इंधन संपून ॲमेझॉनच्या जंगलात उतरलं आणि १२ माणसं गेली. ती चूक थकव्याने झाली असं मी म्हणत नाही. पण एकदा दिशा मनात बसली की पुढचे सगळे पुरावे कसे बाजूला पडतात, ते त्यातून कळतं.

झोपेचं म्हणाल तर १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक प्रयोग छापून आला होता. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्याइतका मंद होतो, असं त्यात दिसलं. आपल्याकडे गाडी चालवायची मर्यादा ०.०३ टक्के आहे. उड्डाणाआधी १२ तास दारू घ्यायची नाही हा नियम प्रत्येक विद्यार्थी पाळतो, पण जागरण करून आलेल्याचं तोंड कुणी हुंगत नाही. त्यात छोट्या विमानातला आवाज, थरथर, उन्हाळ्यात तापलेली केबिन, आणि लघवीला जावं लागेल म्हणून पाणी न पिण्याची मुलांची सवय. दोन तासांत माणूस पिळून निघतो. शेजारी दुसरा पायलट नसतो, चूक दाखवणार कोण?

तुमच्या मुलाबद्दल काही स्पष्ट सांगतो. ट्रेनिंगला लाखो रुपये लागतात, बहुतेकांच्या घरी कर्ज असतं, आणि मुलांना ते प्रत्येक तासाला आठवत असतं. ‘मी थकलोय, आज उडत नाही’ म्हणायला म्हणूनच जीभ रेटत नाही. तसं म्हटलं तरी घरी कुणी ‘फुकट गेला दिवस’ म्हणणार नाही, हे त्याला आत्ताच सांगून ठेवा. सोलोच्या आदल्या दिवशी लग्न, जत्रा, बारसं, काही असलं तरी त्याला घरी बोलवू नका. ‘झालं का, कधी उतरलास’ असे फोन सकाळपासून करू नका, संध्याकाळी तो करेल. आणि फोनवर बोलताना किती तास उडलास हे विचाराल, तेव्हा किती तास झोपलास हेही विचारा.