फिरतीच्या गावी जेवायचे कुठे?

प्रश्न : यंत्रांच्या देखभालीचे काम करणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस फिरतीवर जातात आणि एका गावी मुक्काम फार तर दोन रात्रींचा असतो. काम आटोपून खोलीवर पोहोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. मग मोबाइलवर जे नाव सर्वांत वर दिसेल तिथे जातो, नाहीतर मुक्कामाच्या ठिकाणीच जेवतो. कुणाला विचारलेच, तर ती व्यक्ती एखादी महागडी, सजवलेली जागा सुचवते. गावातली माणसे स्वतः जिथे आवडीने जेवतात, ती ठिकाणे मला कशी सापडतील?

उत्तर : आपल्या पत्रातले ‘कुणाला विचारलेच, तर’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. कामासाठी आलेल्या परक्या माणसाने ‘इथे चांगले हॉटेल कोणते?’ असे विचारले, की ऐकणाऱ्याच्या मनात पाहुण्याला शोभेल असे, म्हणजे ज्यावरून उद्या आपल्याला कुणी बोल लावणार नाही असे नाव येते. विचारलेल्या प्रश्नाचे ते प्रामाणिकच उत्तर असते. तेव्हा प्रश्न बदलून पाहावा. ‘काल दुपारी तुम्ही कुठे जेवलात?’ किंवा ‘स्वयंपाकाचा कंटाळा आला, की घरच्यांना घेऊन कुठे जाता?’ असे विचारले, तर माणूस स्वतःच्या सवयीविषयी बोलू लागतो आणि त्या उत्तराचा भरवसा धरता येतो. नाव कळल्यावर ‘तिथे तुम्ही काय मागवता?’ हेही विचारून घ्यावे, कारण मेनूकार्ड कितीही लांबलचक असले, तरी आचाऱ्याचा खरा हात बसलेले पदार्थ मोजकेच असतात आणि ते नेहमीच्या गिऱ्हाइकांनाच ठाऊक असतात.

विचारायचे कुणाला, या बाबतीत आपली स्थिती सहलीला आलेल्या माणसापेक्षा कितीतरी चांगली आहे. त्याच्या ओळखीचे फार तर गाडीचा चालक आणि हॉटेलच्या स्वागतकक्षातली व्यक्ती. आपल्यासमोर मात्र दिवसभर अख्खे कार्यालय किंवा कारखाना असतो. मी स्वतः बरीच वर्षे फिरतीची नोकरी केली आहे आणि अनुभवाने सांगतो, की ज्या साहेबांशी आपले काम असते, त्यांना हा प्रश्न शक्यतो विचारू नये. आपल्याला जेवायला नेणे हे आपले कर्तव्यच आहे असे त्यांना वाटू लागते आणि मग बेत त्यांच्या हातात जातो. भांडार सांभाळणारे, हिशेब लिहिणारे, पाळीवर काम करणारे, फाटकावरचे रखवालदार यांना विचारावे. त्यांना रोज, मोजक्या वेळात आणि स्वतःच्या पैशांनी जेवायचे असते. अशा माणसाची पसंती सहसा चुकत नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोघांनी एकच नाव घेतले, तर शोध तिथेच थांबवायला हरकत नाही.

फिरतीवरच्या माणसाची ही गरज जुनीच आहे. शिकागोच्या एका छपाई कंपनीचा फिरता विक्रेता डंकन हाइन्स प्रवासात चांगली वाटलेली जेवणाची ठिकाणे टिपून ठेवत असे. १९३५ च्या नाताळात त्याने त्यांची यादी शुभेच्छांसोबत मित्रांना पाठवली, तिला इतकी मागणी आली, की पुढच्याच वर्षी तिचे पुस्तक झाले. मिशेलिन या टायर कंपनीने त्याआधी, १९०० मध्ये, मोटारप्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली होती आणि १९२६ पासून ती चांगल्या उपाहारगृहांना तारे देऊ लागली. या दोहोंतला फरक आपल्या उपयोगाचा आहे. मिशेलिनच्या तीन ताऱ्यांचा अर्थ ‘मुद्दाम प्रवास करून जावे’ असा होतो, तर हाइन्सची यादी कामानिमित्त आधीच वाटेवर असलेल्या माणसाने केलेली होती. आपल्याला दुसऱ्या प्रकारची यादी हवी आहे आणि ती आपल्यालाच करावी लागेल. गावाचे नाव, ठिकाण, कुठल्या वेळी गेलो, काय मागवले आणि कुणी सुचवले, एवढे पाच तपशील त्याच रात्री लिहून ठेवावेत. सुचवणाऱ्याचे नाव मी आवर्जून लिहायला सांगतो, कारण पुढच्या खेपेला त्याला ‘तुमच्यामुळे छान जेवलो’ असे सांगितले, की तो आणखी दोन ठिकाणे मनापासून सांगतो.

मोबाइलचा उपयोग अवश्य करावा, पण सरासरी ताऱ्यांवर फार विसंबू नये. अभिप्राय लिहिण्याची तसदी बहुतेक वेळा फार खूश झालेले किंवा फार चिडलेले लोकच घेतात. बरे जेवून शांतपणे घरी गेलेल्यांचे मत तिथे उमटत नाही. शिवाय सर्वांत वर दिसणारे नाव पुष्कळदा जाहिरातीचे असते. त्याखाली किंवा शेजारी तसे लहान अक्षरांत लिहिलेलेही असते. अभिप्राय नव्यापासून जुन्याकडे लावून वाचावेत, कारण आचारी बदलला, की तीन वर्षांपूर्वीच्या कौतुकाला काहीच अर्थ उरत नाही. गावाच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेले अभिप्राय समजत नसतील, तर भाषांतर करून वाचावेत. ‘नेहमी येतो’, ‘इतकी वर्षे चव तीच’ असे लिहिणारा आणि त्याच वेळी गर्दीची किंवा जागेच्या अडचणीची तक्रार करणारा ग्राहक मला सर्वांत विश्वासू वाटतो. आणि शोध घेताना नकाशा मुक्कामाच्या जागेवर न ठेवता कामाच्या जागेभोवती ठेवावा.

यातूनच आपल्या नऊ वाजण्याच्या अडचणीवरही मार्ग निघतो. जमेल तेव्हा मुख्य जेवण दुपारी करावे आणि रात्री हलके खावे. गावातल्या नोकरदारांची आवडती ठिकाणे बहुधा दुपारीच भरलेली असतात. रात्री त्यांतली कित्येक बंद असतात किंवा उरलेसुरले वाढतात. रात्रीच जाणे भाग असेल, तर निघण्यापूर्वी फोन करून ‘शेवटची ऑर्डर किती वाजता घेता?’ असे विचारावे, कारण दार बंद होण्याच्या बराच वेळ आधी चूल बंद होते. गर्दीच्या वेळी जाण्यात चवीइतकाच प्रकृतीचाही विचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांप्रमाणे ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात आणि शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ तसेच बाहेर राहू देऊ नये. जिथे पातेले भराभर रिकामे होऊन पुन्हा चढते, तिथे हा धोका कमी असतो. दुपारी चार वाजता ओस पडलेल्या दालनात मांडून ठेवलेले कोमट पदार्थ, ते कितीही आकर्षक दिसले, तरी मी घेत नाही.

प्रश्न : मी कामानिमित्त एकटीच प्रवास करते. संध्याकाळी एकटीने बाहेर जेवायला जाणे अवघड वाटते आणि शेवटी खोलीतच काहीतरी मागवते. काय करावे?

उत्तर : आपल्याला वाटणारा संकोच स्वाभाविक आहे, त्यावर ‘घाबरू नका’ एवढेच सांगणे मला योग्य वाटत नाही. दिवसभर ज्या स्त्री सहकाऱ्यांशी आपली गाठ पडते, त्यांना ‘तुम्ही एकट्या कुठे बसून जेवता?’ असे थेट विचारावे. चव, पोहोचण्याची वाट, दिवाबत्ती आणि तिथली माणसे या सगळ्यांचे उत्तर त्या एका नावात मिळते. संध्याकाळच्या गर्दीआधी पोहोचावे, गल्ल्याजवळची जागा घ्यावी आणि मुक्काम कुठे आहे हे गप्पांच्या ओघात कुणालाही सांगू नये. दुसऱ्या फेरीत पुन्हा त्याच ठिकाणी जावे. मालक किंवा वाढणारी व्यक्ती ओळखू लागली, की अवघडलेपण बरेचसे ओसरते, म्हणून आपल्या बाबतीत नव्या जागांच्या शोधापेक्षा प्रत्येक गावी एक ठरलेली जागा असण्याला मी अधिक महत्त्व देईन. आणि एखाद्या दिवशी फारच थकवा आला असेल, तर त्याच ठिकाणाहून पार्सल आणून खोलीत निवांत जेवावे.

प्रश्न : परगावी ग्राहकाला जेवायला न्यायचे असल्यास नवीन ठिकाण निवडावे का?

उत्तर : आपण स्वतः तिथे एकदा जेवला असाल तरच. आदल्या दिवशी दुपारी जाऊन यावे, बोलणे ऐकू येईल असे टेबल पाहून ठेवावे आणि ग्राहकाला काय वर्ज्य आहे, हे निमंत्रण देतानाच विचारून घ्यावे. तेवढा वेळ नसेल, तर ठिकाण ग्राहकालाच निवडू द्यावे, मात्र बिल आपण देणार हे आधीच स्पष्ट सांगावे.