वाचकांचे प्रश्न : मनगटावरच्या नोंदींतून ‘मिनिटे’ कशी निघतात?

प्रश्न : मी सार्वजनिक आरोग्य विषयाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. प्रबंधासाठी शेतमजूर स्त्रियांना सात दिवस मनगटावर ॲक्सेलरोमीटर (हालचाल नोंदवणारा पट्टा) बांधायला दिला होता. मध्यम ते जोरकस हालचालीची रोजची मिनिटे मी काढली. त्याच फायलींवरून माझ्या सहाध्यायाने काढली, तर ती जवळजवळ दुप्पट आली. उपकरण एकच, नोंदी त्याच. मग चुकले कोण? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बहुधा कोणीच नाही. उपकरण मिनिटे मोजत नाही, ते फक्त त्वरण नोंदवते. ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’ या आरोग्य-अभ्यास प्रकल्पात 2013 ते 2015 या काळात एक लाखाहून अधिक लोकांनी असाच पट्टा आठवडाभर बांधला. त्यात सेकंदाला 100 वेळा, तीन अक्षांवर नोंद होत असे. म्हणजे एका माणसामागे आठवड्याला 18 कोटींहून अधिक आकडे. त्यांतून ‘रोज अमुक मिनिटे’ असा एक आकडा काढताना वाटेत जे निर्णय घ्यावे लागतात, ते तुम्ही आणि तुमच्या सहाध्यायाने वेगवेगळे घेतले असणार.

पहिला निर्णय कॅलिब्रेशनचा, म्हणजे उपकरणाचे माप तपासून दुरुस्त करण्याचा. हात पूर्ण स्थिर असताना तीन अक्षांवरच्या त्वरणाची एकत्रित लांबी गुरुत्वाकर्षणाइतकी, म्हणजे नेमकी 1 जी यायला हवी. ती 1.02 आली, तर झोपलेल्या बाईच्या खात्यावर रात्रभर 20 मिली-जी (मिली-जी म्हणजे एका जीचा हजारावा भाग) ‘हालचाल’ जमा होत राहते. फरक किरकोळ वाटेल, पण यूके बायोबँकमधील लोकांची दिवसरात्रीची सरासरीच 30 मिली-जीच्या आत-बाहेर आहे. म्हणून नोंदींतले स्थिर क्षण वेगळे काढून त्यांवरून प्रत्येक अक्षाची चूक दुरुस्त करतात. मग त्या लांबीतून 1 वजा करायचा, उत्तर ऋण आले तर शून्य धरायचे आणि दर पाच सेकंदांची सरासरी घ्यायची. या मापाला ‘एन्मो’ म्हणतात. ‘आर’ या संगणकीय भाषेतील ‘जीजीआयआर’ हे मोफत पॅकेज हे सगळे करून देते, आणि नेमकी तिथेच फसगत होते, कारण त्यातल्या आधीच ठरवून दिलेल्या निवडी न वाचता पुढे जाता येते.

दुसरा निर्णय पट्टा काढून ठेवलेल्या वेळेचा. तिन्ही अक्षांवरचा चढउतार सलग तासभर 13 मिली-जीपेक्षा कमी राहिला, तर पट्टा हातावर नव्हता असे यूके बायोबँकने धरले (गाढ झोपेतही माणूस अधूनमधून कूस बदलतोच), आणि ती पोकळी त्याच व्यक्तीच्या इतर दिवसांच्या त्याच वेळेच्या सरासरीने भरली. लंडनच्या कारकुनाला हा नियम बरा चालतो. तुमच्या अभ्यासातली बाई धुणे धुताना किंवा लावणीच्या चिखलात उतरताना पट्टा काढून ठेवत असेल, तर सर्वांत कष्टाचा वेळच गळतो आणि त्याच्या जागी दुसऱ्या दिवशीचा, कदाचित आठवडी बाजाराचा, वेळ येऊन बसतो. पोकळी आहे तशी सोडली, तर तो वेळ हिशेबातूनच जातो. तुम्ही ती भरली आणि सहाध्यायाने सोडली, किंवा उलट केले, तर आकडे वेगळे येणारच.

मात्र दुप्पट फरकाचे मूळ मला तिसऱ्या निर्णयात दिसते. ‘मध्यम’ कशाला म्हणायचे? प्रौढांच्या मनगटासाठी 2014 साली सुचवलेला सुमारे 100 मिली-जी हा कट-पॉइंट (सीमेचा आकडा) पुष्कळ जण वापरतात. तो ओलांडणारे प्रत्येक पाच सेकंद जोडायचे, की सलग दहा मिनिटे टिकलेली हालचालच धरायची, यावर आकडा पार बदलतो. अमेरिकेच्या 2003-04 च्या राष्ट्रीय पाहणीत कमरेला उपकरण लावून सलग दहा मिनिटांची अट घातली, तेव्हा शिफारशीइतकी हालचाल करणारे प्रौढ 5 टक्क्यांहून कमी निघाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत ही अट ठेवलेली नाही, त्यामुळे ती घालायची असेल तर तिचे कारण प्रबंधात द्यावे लागेल. दोघांनी ही एक निवड आधी ताडून पाहावी.

आणि तो 100 चा आकडाही तुमच्या गावात जसाच्या तसा चालेल, असे मी म्हणणार नाही. प्रयोगशाळेत ठरावीक कामे करवून, सोबत प्राणवायूचा वापर मोजून असे कट-पॉइंट ठरवतात. त्या कामांत भाकरी थापणे नसते. भाकरी थापताना देह बसलेला आणि मनगट सतत हलते, त्यामुळे बसल्या जागी ‘मध्यम’ मिनिटे जमू शकतात. उलट डोक्यावर भरलेला हंडा आणि तो धरायला वर गेलेला हात घेऊन बाई विहिरीवरून चढ चढते, तेव्हा हृदयावर खरा ताण असतो, पण हंड्याला टेकलेले मनगट फारसे हलत नाही आणि पट्टा ते काम हलके ठरवतो. पट्टा कोणत्या हातावर बांधला, बांगड्यांच्या वर की खाली, हेही वहीत लिहिलेले हवे.

प्रश्न : घड्याळात पावले दिसतातच, मग संशोधक ती सरळ का घेत नाहीत? रोज दहा हजार पावले हे प्रमाण तरी शास्त्रीय आहे का? (एक निवृत्त वाचक, ठाणे)

उत्तर : घड्याळ कंपनीचे पावले मोजायचे गणित सहसा जाहीर नसते आणि सॉफ्टवेअर अद्ययावत झाले की ते बदलूही शकते. अभ्यास चालू असताना असे झाले, तर माणूस जास्त चालू लागला की गणित बदलले, हे सांगता येत नाही. संशोधनात वर्षानुवर्षे वापरलेल्या ‘ॲक्टिग्राफ’ उपकरणाच्या ‘काउंट्स’चे (हालचाल मोजण्याच्या त्याच्या एककाचे) गणितसुद्धा कुठे 2022 मध्ये खुले झाले. दहा हजारांचा आकडा 1965 च्या सुमारास जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या एका पावले-मापकाच्या नावातून रूढ झाला. तो प्रयोगातून आलेला नाही.

प्रश्न : मग प्रश्नावली कालबाह्य झाली का? (एक आशा गटप्रवर्तक, नाशिक जिल्हा)

उत्तर : मुळीच नाही. तिच्यात स्मरणाची चूक असते हे खरे, पण काम कोणते होते हे तीच सांगते. पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात शेतीकाम, पाणी भरणे, घरकाम यांची विचारपूस करून कष्टांचा गुणांक काढला होता, आणि ज्यांचे कष्ट जास्त त्यांच्या बाळांचे सरासरी वजन कमी असल्याचे 2003 मध्ये प्रसिद्ध झाले. सांगलीच्या विद्यार्थिनीनेही पट्ट्यासोबत रोजच्या कामांची एक साधी तक्ता-वही द्यावी, लिहिता न येणाऱ्या स्त्रियांसाठी चित्रांची, आणि पट्टा कधी व का काढला याचा रकाना त्यात ठेवावा.