बोटीच्या इंजिनाला हात लावण्याआधी
एमआयडीसीत ट्रकच्या इंजिनांची हेडं उघडून तुझा हात बसलाय, पण रेसिंग बोटीचं इंजिन वेगळं की रे. फुल थ्रॉटलवर बोट लाटेवरून उडाली की पाण्यातला पंखा (प्रोपेलर) हवेत, लोड गायब, आरपीएम एकदम वर. तेव्हा वॉल्व्ह (हवा-धुराची झडप) बंद करणारी स्प्रिंग ढिली असेल तर वॉल्व्ह त्याला उघडणाऱ्या कॅमच्या मागं पडतो, पिस्टनला धडकू शकतो. म्हणून प्रत्येक स्प्रिंगचा दाब फिटिंगच्या उंचीला (इंजिनात बसते तेवढी दाबून) टेस्टरवर मोज, वहीत लिही. दाब उतरला तर अख्खा सेट बदल. एकदोन बदलणं म्हणजे फुकटची कंजुषी.

टॅपेट क्लिअरन्स (वॉल्व्ह नि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) वाढला तर नुसता सेट करून सोडू नकोस, कॅम-रॉकर झिजलेत का बघ. कमी झाला तर वॉल्व्ह सीटमध्ये (त्याच्या बसायच्या जागेत) रुतत चाललाय. एक्झॉस्टमधून पाणी उलटं आलं तर वॉल्व्ह गंजही धरतो, उजनीचं गोडं पाणी असलं तरी.