पास स्वस्त आहे, सहल नाही

वुडबरी, मिनेसोटा इथल्या एका वाचकाचं पत्र, थोडं आवरून:

"आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरीत आहोत, वय ४१ आणि ३८. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ९. गेल्या हिवाळ्यात दोघं अफ्टन आल्प्स या जवळच्या स्की टेकडीवर स्नोबोर्ड शिकायला लागली आणि आता घरात दुसरा विषय नाही. ऑफिसमधले म्हणतात, या टेकडीवर काय ठेवलंय, कोलोराडोला न्या. एपिक पास हा हंगामभराचा पास काढला तर त्यात अफ्टनही येतं आणि कोलोराडोतली ब्रेकनरिज, व्हेलही. चौघांचे पास साधारण अडीच हजार डॉलर, विमानाची तिकिटं हजार. म्हणजे साडेतीन हजारांत दरवर्षी मार्चमध्ये एक आठवडा. त्यासाठी मुलीच्या ५२९ खात्यात (कॉलेजसाठीची बचत) जाणारे महिन्याचे ३०० डॉलर थांबवायचा विचार आहे. बाजूला दोन महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक आहे. नाशिकला आईकडे जाणं चार वर्षं झालेलं नाही, तेही आणखी एक वर्ष पुढे जाईल. पासची विक्री डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होते, म्हणून लवकर सांगा."

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा आकड्यांसाठी, दुसऱ्यांदा "घरात दुसरा विषय नाही" या वाक्यासाठी. मिनेसोटाच्या हिवाळ्यात मुलं स्क्रीन सोडून थंडीत बाहेर पडायला हट्ट करतायत, हे फार मोलाचं आहे. ते टिकवायला पैसे खर्च करावेत, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही. प्रश्न आहे तो कुठल्या डोंगरावर आणि कुठल्या खात्यातून, एवढाच.

आधी तुमचे साडेतीन हजार तपासू. पास आणि विमान धरलंत, पण डेन्व्हरला उतरल्यावर काय? पुढचे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमच्या तारखा टाकून पडताळा. मार्चच्या सुट्टीत ब्रेकनरिजजवळ चौघांना पुरेल अशी जागा रात्रीला ३५० धरली तर सहा रात्रींचे २,१००. बोर्ड आणि बुटांचं भाडं माणशी दिवसाला ५०, पाच दिवस, चौघं, म्हणजे १,०००. खाणंपिणं, निम्मं घरी शिजवून, ९००. बर्फात चालेल अशी गाडी आणि पार्किंग ५००. मुलांना दोन दिवस ग्रुप लेसन लावलात तर मोठ्या रिसॉर्टवर एका मुलाचे दिवसाला २५० सहज लागतात, म्हणजे आणखी १,०००. एकूण ९,००० डॉलर. बोर्डवरचे दिवस पाच. घराला दिवसाचे १,८०० पडले.

आता टेकडीचा हिशेब. चौघांचे स्थानिक सीझन पास १,४००, मुलांचं हंगामभराचं सामान भाड्याने ४००, तुम्हा दोघांचं ५००, मुलांचे आठवड्याला एक असे लेसन ४००. एकूण २,७००. डिसेंबर ते मार्च पंधरा वेळा गेलात, तरी दिवसाला १८० पडतात. डबा घरचा, झोपायला घरची गादी. अफ्टनचा उतार सुमारे ३५० फूट उंचीचा, व्हेलचा ३,४५० फूट. उंची दहापट आणि दिवसाचा खर्चही दहापट, हा आकड्यांचा योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोपा.

तुमच्या पत्रातली खरी अडचण मला पासमध्ये दिसते. एपिक पास विकणाऱ्या व्हेल रिसॉर्ट्स या कंपनीने २०१२ मध्ये तुमचं अफ्टन आल्प्स आणि मिशिगनमधलं माउंट ब्रायटन विकत घेतलं, २०१६ मध्ये आमच्या शिकागोजवळचं विल्मट. साडेतीनशे फुटांच्या टेकडीत त्या कंपनीला काय दिसलं असेल? शेजारी राहणारी लाखो कुटुंबं. मूल टेकडीवर शिकतं, पास घरात येतो, आणि त्याच पासावर कोलोराडो "फुकट" दिसायला लागतं. यात फसवणूक काही नाही. व्हेलच्या खिडकीवर गर्दीच्या दिवशी एका दिवसाचं तिकीट ३०० डॉलरच्या वर गेलंय, त्यापुढे पास स्वस्तच आहे. पण पास म्हणजे खर्चाची सुरुवात असते. एकदा अडीच हजार भरले की फेब्रुवारीत आपणच म्हणतो, आता पास घेतलाच आहे तर जाऊन येऊ. तुमच्या ९,००० मधले ६,५०० या एका वाक्यामुळे खर्च होणार आहेत. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या कितीतरी घरांच्या कार्डांच्या बिलांवर मी हे वाक्य वाचलंय.

"या टेकडीवर काय ठेवलंय" म्हणणाऱ्यांना माझं उत्तर थोडं लांबलचक आहे, कारण ते मला मनापासून पटलेलं आहे. स्नोबोर्डची सुरुवातच अशा जागी झाली. १९६५ च्या नाताळात मिशिगनमधल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकांना जोडल्या, तोच पुढचा 'स्नर्फर', स्नोबोर्डचा पूर्वज. तुमच्याच बर्न्सव्हिलमधल्या बक हिलवर, जेमतेम तीनशे फुटांच्या उतारावर, लिंडसी वॉन लहानपणी एरिक सेलर यांच्या हाताखाली स्कीइंग शिकली. पुढे ती व्हेलला गेली आणि २०१० मध्ये व्हँकुव्हरला डाउनहिलचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकली. आधी टेकडी, मग डोंगर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

कारण शिकणाऱ्याला उंचीपेक्षा फेऱ्या लागतात. टेकडीवर चेअरलिफ्ट दोन-चार मिनिटांत वर नेते, रोप टो, म्हणजे धरून वर ओढलं जायचा फिरता दोर, त्याहून लवकर. माझा मुलगा विल्मटला संध्याकाळच्या दिव्यांत तीन तासांत वीस-बावीस फेऱ्या मारायचा. पडला, उठला, पुन्हा वर. टाचेच्या कडेवरून पंजाच्या कडेवर बोर्ड वळवणं ही गोष्ट अंगात मुरायला अशा शेकडो फेऱ्या जातात. तेच मूल ब्रेकनरिजच्या मोठ्या उतारावर मध्येच घाबरलं की खाली यायला पाऊण तास लागतो, अर्धा वेळ बसून. आई-बाप शेजारी उभे राहून धीर देतात, आणि दिवसाचे १,८०० डॉलर चालू असतात.

शिवाय हवा. कळसूबाई ५,४०० फुटांवर आहे, तुम्ही नाशिककर म्हणून सांगते. ब्रेकनरिज गाव ९,६०० फुटांवर आहे आणि तिथली सगळ्यात वरची चेअरलिफ्ट १२,८४० फुटांपर्यंत जाते. वुडबरीहून, जेमतेम हजार फुटांवरून, एका दिवसात तिथं पोचलं की पहिल्या रात्री डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे अनेकांना होतं, मुलांनाही. पाच दिवसांतला एक दिवस त्यात जाईल असं धरूनच चला.

दुसरी बाजूही सांगते. मोठ्या डोंगराचं मोल मी नाकारत नाही. व्हेलच्या मागच्या बाजूचे ते उघडे, झाडं नसलेले उतार मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. टेकडीवर ते कधीच मिळणार नाही. बर्फाचा भरवसाही तिकडे जास्त. २०२३-२४ चा हिवाळा तुमच्याकडे इतका उबदार गेला की टेकड्या जवळजवळ पूर्णपणे यंत्राच्या बर्फावर चालल्या, आणि यंत्रालाही थंड रात्री लागतात. तसं वर्ष पुन्हा आलं तर पंधराचे आठ दिवस होतील, तेव्हा दिवसाचे १८० नाही, सुमारे ३४० पडतील. आणि मुलगा बारा वर्षांचा आहे. घरातून बाहेर पडायला सहा हिवाळे उरलेत. त्यातला एक तरी कोलोराडोत जावा असं मलाही वाटतं.

पण ५२९ मधून नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे. महिन्याचे ३०० अठराव्या वर्षापर्यंत चालू राहिले आणि सरासरी ६ टक्के वाढ धरली, तर त्याचे साधारण ४२,८०० होतात. हमी अर्थातच नाही, गृहीत धरलेला दर आहे. मिनेसोटा या रकमेवर राज्य करात थोडी सवलतही देतं, ती वेगळी. "एका वर्षापुरतं थांबवतो" असं तुम्ही लिहिलं असतंत तर मी इतकी अडले नसते. तुम्ही "दरवर्षी" लिहिलंय.

त्याहूनही मला काळजी वाटते ती दोन महिन्यांच्या शिल्लकीची. एच-वन-बीवर नोकरी गेली तर नवी नोकरी किंवा दुसरी सोय करायला ६० दिवसांपर्यंतचीच मुदत मिळते. म्हणजे तुमची शिल्लक आणि तुमची मुदत एकाच आठवड्यात संपणार. त्या वेळी घरभाडं किंवा हप्ता, वकील, कदाचित सामान हलवणं, सगळं एकदम येतं. तुमच्या घराला सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. तो होईपर्यंत ९,००० ची सहल मी कुठल्याही डोंगरासाठी मान्य करणार नाही.

आणि नाशिक. हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी थांबले. चार वर्षं झाली आहेत, पाचवं लागेल. चौघांची भारताची तिकिटं आणि कोलोराडोचा आठवडा यांची रक्कम फार वेगळी नाही, म्हणून हे दोन्ही एकाच कागदावर समोरासमोर लिहा. कोणता निवडायचा हे मी सांगणार नाही, तो घराचा निर्णय आहे. पण तो पासच्या शेवटच्या तारखेने घ्यावा, असं मला वाटत नाही. डोंगर पुढच्या मार्चमध्येही तिथंच असेल. आईंची तब्येत कशी आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहिणीशी किंवा भावाशी, जे जवळ असतील त्यांच्याशी आधी बोला.

मी तुमच्या जागी असते तर या हिवाळ्यात असं केलं असतं. एपिक पास काढला नसता. अफ्टन वीस मिनिटांवर आहे म्हणून तेच हवं असेल तर तिथल्या दरांची हायलँड हिल्स, बक हिल, वेल्च व्हिलेज, ट्रॉलहॉगन या आसपासच्या टेकड्यांच्या स्वतःच्या सीझन पासशी तुलना केली असती. हायलँडचा उतार जेमतेम पावणेदोनशे फूट, पण तिथल्या रोप टोवर मुलं जितक्या फेऱ्या मारतात तितक्या मोठ्या डोंगरावर शक्यच नाहीत. मुलांसाठी नवं सामान मुळीच घेऊ नका. पाय वर्षात एक-दोन नंबर वाढतो, हंगामी भाडंच बरं. हेल्मेट आणि मनगटाचे गार्ड मात्र स्वतःचे घ्या. नवशिक्या स्नोबोर्डरला सगळ्यात जास्त मार मनगटाला बसतो, आणि तुमचा विमा जास्त डिडक्टिबलचा (विमा सुरू होण्याआधी आपण भरायची रक्कम) असेल तर एका एक्स-रे आणि प्लास्टरचं बिल पूर्ण तुमच्या खिशातून जाईल. डिडक्टिबल बहुतेक विम्यांत १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून मोजायला लागतं, म्हणजे हंगामाच्या अगदी मध्यात. एचएसए (आरोग्यखर्चाचं बचत खातं) असेल तर तेवढी रक्कम त्यात असू द्या.

५२९ चालू. शिल्लक दोनाची सहा महिन्यांकडे नेणं चालू. तेवढ्यातूनही जमलं तर वेगळ्या बचत खात्यात महिन्याला २८५ टाका. या ऑक्टोबरपासून सतरा महिन्यांत ४,८४५ होतात. पुढच्या हिवाळ्याच्या मार्चमध्ये चार रात्री, तीन दिवस बोर्ड, एवढी सहल त्यात बसते. त्यासाठी पूर्ण पास लागत नाही. मोजक्या दिवसांचा एपिक डे पास मिळतो, तोही हंगामाआधीच घ्यावा लागतो. मुलांचा दर बारा वर्षांपर्यंतच आहे, मुलगा तोवर तेराचा होईल, ते धरा. कीस्टोनने गेली काही वर्षं आपल्याकडे दोन किंवा जास्त रात्री राहणाऱ्यांच्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना लिफ्ट मोफत ठेवली आहे. मुलीला त्याचा उपयोग होईल, त्या हंगामाच्या अटी बुकिंगआधी वाचून घ्या. ऑफिसमधलं कुणी यूटामध्ये चला म्हणालं तर आल्टा आणि डीअर व्हॅलीचं नाव आधीच खोडा, तिथं स्नोबोर्डला परवानगीच नाही.

एक अट मुलांनाही सांगा, ती त्यांना आवडेल. या हंगामात दोघांनी अफ्टनच्या निळ्या, म्हणजे मध्यम अवघड, उतारावरून न थांबता, दोन्ही कडांवर वळत खाली यायचं. ते जमलं की कोलोराडोची तारीख ठरवायची. मार्चअखेर जमलं नाही, तर पैसे खात्यात राहतात, कुठे जात नाहीत. आणि जमलं, तर डेन्व्हरला एक रात्र थांबा, दुसऱ्या दिवशी दुपारी वर जा, भरपूर पाणी प्या आणि पहिल्या सकाळी बोर्डला हात लावू नका.