वाचकांचे प्रश्न : लाइक शेकड्यांनी, ऑर्डर पाच-सहा

प्रश्न : सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या घरचे सहा यंत्रमाग आहेत. चादरी आणि टॉवेल आजवर आम्ही व्यापाऱ्यांनाच देत आलो. गेल्या वर्षी मी एक लहानसे संकेतस्थळ सुरू केले आणि फेसबुक व इन्स्टाग्रामवर त्याची पाने उघडली. रोज एका चादरीचे छायाचित्र टाकते, सणावाराला शुभेच्छा देते आणि चार महिन्यांत ‘बूस्ट’वर, म्हणजे पैसे देऊन पोस्ट अधिक लोकांना दाखवण्यावर, अकरा हजार रुपये खर्च केले आहेत. लाइक शेकड्यांनी येतात, ऑर्डर मात्र महिन्याला पाच-सहा, आणि त्याही बहुतेक ओळखीच्यांच्या. घरात आम्ही तेलुगू बोलतो, त्यामुळे मराठी मजकूर भाचीकडून तपासून घेते. मामंजींचे म्हणणे आहे की हा नाद सोडावा आणि पुन्हा व्यापाऱ्यालाच माल द्यावा. माझे नेमके काय चुकते आहे?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपला माल चुकलेला नाही, आणि बहुधा माध्यमही चुकलेले नाही. प्रथम त्या अकरा हजारांचा हिशेब पाहू. पोस्ट बूस्ट करताना त्या जाहिरातीतून आपल्याला काय साधायचे आहे, हे विचारले जाते : पोस्टला अधिक प्रतिसाद हवा, संकेतस्थळावर माणसे यायला हवीत, की संदेश यायला हवेत. या निवडीकडे लक्ष न देता पुढे गेल्यास जाहिरात साहजिकच अशा लोकांपुढे जाते, ज्यांना दिसेल त्या छायाचित्राला लाइक देण्याची सवय असते. आपल्याला लाइक मिळाले याचा अर्थ यंत्रणेने तिला सांगितलेले काम चोख केले. सांगितलेले कामच वेगळे होते. यापुढे ‘संदेश’ हे उद्दिष्ट निवडा, रक्कम दिवसाला शंभर-दोनशे रुपयांच्या वर नेऊ नका आणि आठवड्याच्या शेवटी लाइक न मोजता, चादरीची चौकशी करणारे संदेश किती आले तेवढेच वहीत लिहा.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. आपण पाठवलेली छायाचित्रे मी पाहिली. पलंगावर नीट अंथरलेली चादर, शेजारी फुलदाणी. अशी चादर कोठलीही असू शकते. नव्या पेठेतल्या दुकानात आलेले गिऱ्हाईक काय करते ते आठवून पाहा : ते चादर उचलून वजनाचा अंदाज घेते, कोपरा बोटांत चोळते, उलटी करून मागच्या बाजूचे रंग पाहते आणि ‘धुतल्यावर आटेल का’ असे विचारते. मोबाइलच्या पडद्यावर यातले काहीच करता येत नाही, आणि तेवढ्यासाठीच अनोळखी माणूस पैसे पाठवायला कचरतो. तेव्हा आपल्या रीलने, म्हणजे छोट्या चित्रफितीने, त्याच्या हातांचे काम केले पाहिजे. चादर तराजूवर ठेवा आणि आकडा दिसू द्या. ती उलटी करून दाखवा, कारण जकार्डच्या, म्हणजे मागावरच नक्षी विणण्याच्या, विणीत पुढचा रंग मागे आणि मागचा पुढे कसा येतो हे सोलापूरबाहेर फार थोड्यांना माहीत असते. दोन-तीन वर्षे वापरलेली, धुऊन धुऊन मऊ झालेली घरची चादर नव्या चादरीशेजारी ठेवा. मागाचा खडखडाट काढून त्यावर चित्रपटातले गाणे लावू नका. तो आवाज आपल्या मालाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरा पुरावा आहे.

सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन (जीआय), म्हणजे तो माल त्याच भागातला असल्याची अधिकृत नोंद, आहे. दुसरीकडे विणलेला माल ‘सोलापुरी’ म्हणून विकला जातो ही आपल्याकडची जुनीच तक्रार आहे, म्हणून माल कोठे विणला जातो हे दाखवणारी चित्रफीत आपल्याला इतरांपेक्षा जास्त उपयोगी पडेल. मात्र मानांकनाचे चिन्ह नोंदणीकृत वापरकर्त्यांसाठी असते. आपली तशी नोंदणी नसेल तर आधी ती करून घ्या आणि तोवर ते चिन्ह पोस्टवर वापरू नका.

आता हे दाखवायचे कोणाला? ‘संपूर्ण महाराष्ट्र’ असा भाग निवडलात तर थोडे पैसे फार पातळ पसरतात. माझ्या मते आपले पहिले गिऱ्हाईक म्हणजे नोकरीसाठी पुण्यात जाऊन स्थायिक झालेला सोलापूरकर. त्याच्या घरी ही चादर लहानपणापासून होती, त्याला ती पटवून द्यावी लागत नाही, फक्त कोठे मिळते ते सांगावे लागते. दुसरे गिऱ्हाईक आपण स्वतःच पत्रात सांगितले आहे आणि ते उणीव असल्यासारखे सांगितले आहे. आपल्या घरात तेलुगू बोलली जाते. मग मराठी मजकुरासाठी भाचीची वाट पाहत बसण्यापेक्षा मामंजींनाच मागाजवळ उभे करा, दोन मिनिटे तेलुगूत बोलू द्या आणि ती चित्रफीत हैदराबाद, करीमनगर, वारंगळ या भागांत दाखवा. आपल्या शेजारच्या किती माग मालकांना हे सुचले असेल? नाद सोडा म्हणणारे मामंजीही कदाचित त्यानंतर थोडे नरमतील.

तिसरे गिऱ्हाईक हंगामी आहे. आपल्या जिल्ह्यात लग्नात आणि सत्कारात टॉवेल-टोपीचा आहेर अजून टिकून आहे, आणि तो एकाच वेळी पन्नास-शंभर नगांत घेतला जातो. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते. म्हणजे आहेराची खरेदी ठरवणाऱ्यांपर्यंत आपली पोस्ट दिवाळीच्या आधीच पोहोचायला हवी. सणाच्या शुभेच्छांची चित्रे मात्र बंद करा. त्या दिवशी प्रत्येकाच्या मोबाइलवर तसली शेकडो चित्रे येतात आणि आपले त्यांत हरवून जाते.

आणखी एक सवय सोडावी लागेल. कोणी किंमत विचारली की आपण ‘इनबॉक्समध्ये पाठवली आहे’ असे लिहिता. किंमत लपवली की माणसाला शंका येते, आणि विचारायला संकोचणारा निघून जातो. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्येही विक्रेत्याने एकूण किंमत आणि माल परत घेण्याच्या अटी ग्राहकाला स्पष्ट दाखवाव्यात अशी अपेक्षा आहे. चादर जड असल्याने कुरिअरचा खर्च अंगावर येतो, हे खरे. तो किमतीत धरून एकच आकडा लिहा.

शेवटी वहीविषयी. ज्याने एकदा चादर घेतली, त्याचे नाव, गाव, काय घेतले आणि कधी घेतले हे स्वतःच्या वहीत किंवा संगणकावर लिहून ठेवा आणि पुन्हा संदेश पाठवला तर चालेल का, हे त्याला विचारून घ्या. फॉलोअर आपले दिसतात, पण त्यांची यादी कंपनीकडे असते. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली, तेव्हा तेथे लाखोंनी फॉलोअर जमवलेल्यांचा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत गेला. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही सुमारे सहा तास एकदम बंद पडली, कारण तिन्ही एकाच मालकाची आहेत. आपली दोन्ही पाने त्याच मालकाच्या जागेवर उभी आहेत. वही मात्र आपल्या कपाटात असेल.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात घरी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी करून विकते. ओळखीचे तीनशे क्रमांक घेऊन व्हॉट्सॲपवर दोन गट केले आणि रोज संदेश टाकू लागले. निम्मे लोक बाहेर पडले, आणि नंतर माझा क्रमांकच काही दिवस बंद झाला. आता काय करू?
— एक गृहिणी, सोलापूर

उत्तर : न विचारता एखाद्याला गटात घालणे म्हणजे न बोलावता त्याच्या स्वयंपाकघरात शिरणे आहे. अनेकांनी एकाच वेळी तक्रार नोंदवली की व्हॉट्सॲप असा क्रमांक बंद करते. गट मोडून टाका आणि ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ हे वेगळे ॲप घ्या. त्यात पदार्थांची छायाचित्रे व किमती मांडता येतात, तसेच नवे, नेहमीचे, पैसे येणे बाकी असे गिऱ्हाइकांवर शिक्केही मारून ठेवता येतात. एकाच वेळी अनेकांना कळवण्यासाठी ब्रॉडकास्ट यादी वापरा. तीत २५६ क्रमांक बसतात, आणि तो संदेश ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या मोबाइलमध्ये जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. ही अडचण नसून चाळणी आहे. ज्यांना आपली चटणी हवी आहे तेच उरतात. प्रत्येक डब्याबरोबर ‘क्रमांक जतन करा’ अशी चिठ्ठी द्या, आणि संदेश आठवड्यातून एकदाच, ताजी चटणी कुटल्याच्या दिवशी पाठवा. स्टेटसवर उखळातली चटणी तेल सोडू लागते तो क्षण दाखवलात की वर काही लिहावे लागणार नाही. डब्यावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) चौदा आकडी क्रमांक आणि तयार केल्याची तारीख हवीच. परगावचे गिऱ्हाईक आधी तेच पाहते.

प्रश्न : खाद्यपदार्थांच्या चित्रफिती करणारा एक तरुण आमच्या मसाल्यांची तारीफ करण्यासाठी पाच हजार रुपये मागतो आहे. त्याशिवाय दहा हजार फॉलोअर विकत मिळतील असेही तो म्हणतो. घ्यावे का?
— एक व्यावसायिक, बार्शी

उत्तर : फॉलोअर घेऊ नका. ती बहुतेक खोटी खाती असतात, ती मसाला विकत घेत नाहीत आणि आपला खरा वाचक किती आहे हेही आपल्याला कळेनासे होते. चित्रफीत करून घ्यायला हरकत नाही, पण पैसे दिले आहेत हे त्यात स्पष्ट दिसले पाहिजे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये तशा मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पाच हजार एकरकमी देण्याऐवजी त्याच्या प्रेक्षकांसाठी सवलतीचा एक वेगळा शब्द ठरवा, निम्मे पैसे आधी द्या आणि तो शब्द सांगून महिनाभरात किती ऑर्डर येतात ते पाहून उरलेल्यांचे ठरवा. या अटीला तो तयार झाला नाही, तर त्याचा स्वतःच्या प्रेक्षकांवर किती भरवसा आहे हे आपल्याला पाच हजार न घालवता कळेल.